मंगळवारची हीट

जुलै लागला की कोल्हापूरजवळच्या शिरोलीत आम्ही दोन आकडे रोज बघतो. पहिला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, आणि २०१९ सारखी ५५ च्या वर गेली की हायवेच पाण्याखाली. मग गाड्या जिथल्या तिथं आणि आम्हीही जिथल्या तिथं. दुसरा आकडा आमच्या फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, आतला. बेअरिंग हाउसिंगचं, म्हणजे ज्यात बेअरिंग बसतं त्या लोखंडी घराचं, ब्लो होल रिजेक्शन: आत भोक निघालं म्हणून बाद झालेले नग. पाऊस वाढला की तेही वाढतं, हे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या फेटलिंगच्या पोरापासून धाकट्या साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ. इतकं पाठ की का वाढतं हे विचारायचंच आम्ही सोडून दिलं होतं. पावसाळा आहे, चालायचंच.

मी इथं क्वालिटी बघते. सँड लॅबपासून सुरुवात केली, मग फायनल इन्स्पेक्शन, आणि आता 'मॅडमना विचारा' म्हणतात ते खातं माझ्याकडे आहे. त्यातलं निम्मं काम कस्टमरच्या फोनला उत्तर देण्याचं.

फाउंड्रीशी संबंध नसणाऱ्यांसाठी थोडं सांगते. कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या नगाच्या, आत जिथं पोकळी हवी, तिथं साच्यात वाळूचा एक घट्ट गाभा बसवतात. तो कोअर. आमच्याकडे तो कोल्ड बॉक्समध्ये होतो: वाळूत रेझिन, वरून अमाइन गॅस, की काही सेकंदांत दगड. मग त्याला पाण्यातलं कोटिंग द्यायचं, ओव्हनमध्ये वाळवायचा आणि साच्यात ठेवायचा. वरून १४०० अंशांच्या आसपासचं लोखंड येतं. (लोखंडाच्या एका वितळणीला आम्ही हीट म्हणतो.) कोअरमध्ये ओल राहिली असेल तर तिची वाफ होते, आणि वाफेला बाहेर पडायला वाट नसली तर ती लोखंडातच बसते. भाकरी फुगते ना तव्यावर, तसं. फक्त इथं पापुद्रा लोखंडाचा. आणि हा पापुद्रा फार लबाड असतो. शॉट ब्लास्टिंग झालं, रंग लागला, चौदा किलोचं कास्टिंग नवरीसारखं सजून पुण्याला गेलं. तिथं कस्टमरनं बोअरिंगचा पहिला कट घेतला, दोन-अडीच मिलिमीटर कातडी गेली, आणि आत हरभऱ्याएवढं भोक. त्याभोवती लाल मार्करनं गोल, गोलाचा फोटो, फोटोचा मेल. मेलच्या शेवटी 'अर्जंट'.

असा मेल आला की २४ तासांत काय तातडीनं केलं ते कळवायचं असतं आणि पुढं ८डी पाठवायचा असतो. ८डी म्हणजे आठ पायऱ्यांचा फॉर्म. फोर्डनं १९८७ च्या सुमारास त्याचं मॅन्युअल काढलं आणि आता जगभर गाड्यांच्या धंद्यात तो मागितला जातो. टीम कुठली, प्रॉब्लेम काय, तात्पुरता बंदोबस्त काय, मूळ कारण काय, कायमचा उपाय काय, असं करत शेवटी टीमचं अभिनंदन. अभिनंदनाचा रकाना मी कधीच रिकामा ठेवला नाही. बाकीच्या रकान्यांबद्दल तेवढं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

२०२३ च्या जानेवारीत आमच्याकडे क्वालिटीचं सॉफ्टवेअर आलं. कुणाचं ते सांगत नाही, सगळी साधारण सारखीच असतात. रिजेक्शनची नोंद, तक्रारी, ८डी, गेजांचं कॅलिब्रेशन, ऑडिटचे मुद्दे, सगळं एका जागी. साहेबांनी ते घेतलं ऑडिटरसाठी, हे उघड होतं. आधीचा सगळा कारभार एक्सेलमध्ये आणि रजिस्टरात होता, आणि त्यातलं हवं ते पान हव्या त्या वेळी सापडणं हे एका माणसाच्या स्मरणशक्तीवर चालायचं. तो माणूस मी.

सॉफ्टवेअर लावायला पुण्याहून एक मुलगा आला होता. 'पार्ट ए, डिफेक्ट बी' असला डेमो दाखवून म्हणाला, मॅडम, जुन्या तक्रारी पण टाकून घ्या, म्हणजे हिस्ट्री दिसेल. मला वाटलं, दोन दिवसांचं काम. पंधरा दिवस लागले. त्यातल्या कुठल्यातरी संध्याकाळी मी बेअरिंग हाउसिंगचे तीन ८डी एकाखाली एक उघडले. जुलै २०१८, ऑगस्ट २०२०, जुलै २०२२. (मधल्या २०१९ आणि २०२१ ला महापूर होता. तेव्हा ब्लो होल मोजायला कुणाला वेळ होता?)

तिन्हींत मूळ कारण एकच: 'कोअर ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे कोअर पूर्ण वाळला नाही.' उपायही एकच: 'ऑपरेटरला ट्रेनिंग दिले.' शब्दन् शब्द सारखा. 'निष्काळजीपणा'मध्ये पहिल्या वेळी टायपिंगची चूक होती, ती तिसऱ्या वेळीही तशीच. आणि २०२२ च्या ८डीत ज्याला ट्रेनिंग दिलं म्हणून नाव होतं, तो माणूस २०१९ च्या दिवाळीतच नोकरी सोडून गावाकडं गुऱ्हाळावर गेला होता. खाली सही माझी.

मी कुणाला बोलले नाही. चहा मागवला आणि तो गार होईपर्यंत स्क्रीनकडे बघत बसले.

त्याच फॉर्मच्या खाली अजून एक रकाना होता, आणि खरं सांगायचं तर मला जास्त लागला तो तिथं. 'उपाय प्रभावी ठरला का?' आमचा नियम होता: तीन महिने तक्रार परत आली नाही तर प्रभावी, तक्रार बंद. नव्या सॉफ्टवेअरमध्येही तोच हिशोब आधीपासून भरलेला होता, ९० दिवस. तिन्ही तक्रारी नियमानुसार बंद झालेल्या: ऑक्टोबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. शेरा: 'पुनरावृत्ती नाही. प्रभावी.'

जुलैत तक्रार, ऑक्टोबरात तपासणी. ऑक्टोबरात कोल्हापुरात पाऊस असतो का? परतीचा एखादा सोडला तर नसतो. म्हणजे दर वेळी पाऊस थांबायचा, भोकं बंद व्हायची आणि श्रेय ट्रेनिंगला. आम्ही काहीच केलं नसतं तरी त्या रकान्यात 'प्रभावी'च आलं असतं. इतकी वर्षं ऑडिटरनं तो रकाना बघितला, कस्टमरनं बघितला, मी भरला. महिन्यांची नावं कुणीच वाचली नाहीत.

त्या मुलाला फोन केला, म्हटलं हे ९० दिवस बदलता येतात का? तो म्हणाला, येतात की, पण मॅडम, सगळे ९० च ठेवतात. मी या पार्टच्या ब्लो होलसाठी पुढच्या वर्षीचा ऑगस्ट घातला. सॉफ्टवेअरनं विचारलं, 'कालावधी नेहमीपेक्षा जास्त आहे, खात्री आहे का?' आहे बाबा.

इकडं शॉपवर वेगळीच मजा चालली होती. नोंदी भरायला टॅब दिले. हातात ग्लोव्हज, हवेत काळी धूळ, आणि टॅबला बोट लागल्याशिवाय कळत नाही. पहिल्या आठवड्यात एक टॅब वितळलेल्या लोखंडाच्या लाडलजवळ ठेवून वितळवला, तो विषय सोडा. खरी लढाई झाली कारणांच्या यादीवर. प्रत्येक रिजेक्शनला यादीतून एक कारण निवडायचं, आणि यादीत पहिलंच होतं 'ऑपरेटरची चूक'. महिन्याअखेरीस बघितलं तर निम्म्याहून जास्त नोंदी तिथंच. मी ते कारण यादीतून काढून टाकलं. सुपरवायझर मंडळी भडकली. 'मग आम्ही लिहायचं काय?' म्हटलं, जे झालं ते लिहा: वाळू सैल होती, कोअर सरकला, लोखंड गार होतं. मग सगळे 'इतर'मध्ये गेले. 'इतर' निवडलं तर वीस अक्षरं तरी लिहावी लागतील अशी अट घातली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, कारण: 'कककककककककककककककककक'. मोजली. बरोबर वीस.

हळूहळू बसलं. बसण्याचं एक कारण असं की तारखेचा शिक्का कास्टिंगवरच असतो, पॅटर्नमधल्या, म्हणजे ज्यावरून साचा काढतात त्या नमुन्यातल्या, कोडमुळे. त्यामुळे भोक कधीही सापडो, फेटलिंगला सापडो नाहीतर पुण्याला, ते कुठल्या दिवशी, कुठल्या शिफ्टला ओतलं ते कास्टिंगच सांगतं. आधीही सांगत होतं. पण आधी रजिस्टरात आम्ही तपासणीची तारीख लिहायचो, ओतण्याची नाही. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही रकाने सक्तीचे होते म्हणून दोन्ही भरले गेले. यात माझी हुशारी काही नाही.

२०२३ चा जुलै आला. बंधारा चढू लागला, ब्लो होलही. तक्रार आली, लाल गोल आला. माझ्याकडे तेव्हा डिप्लोमाची एक ट्रेनी मुलगी होती. तिला म्हटलं, महिन्याचा ग्राफ काढ तारखेप्रमाणे. तिनं चुकून वाराप्रमाणे काढला. 'सॉरी मॅडम, चुकलं' म्हणत पुसायला निघाली होती, तिचा हात धरला.

सहा दांड्या. सोमवारी आमची सुट्टी. बुधवार ते रविवार पाच दांड्या बोटभर, आणि मंगळवारची वीतभर.

आधी विश्वास बसला नाही. वाटलं, सुट्टीनंतरचा दिवस, दोन दिवसांची तपासणी एकत्र चढवली असेल. पण ग्राफ ओतण्याच्या तारखेचा होता. मग वाटलं, मंगळवारी प्रॉडक्शन जास्त असेल. तेही बघितलं, उलट थोडं कमीच होतं. मग मंगळवार शिफ्टवार फोडला, तर जवळजवळ सगळं पहिल्या शिफ्टचं, तेही पहिल्या तीन-चार तासांचं. दहानंतरची मंगळवारची कास्टिंग बुधवारच्या कास्टिंगइतकीच चांगली.

इथं मला माझ्या वाळूच्या चार्टची आठवण झाली आणि हसू आलं. वॉल्टर शूहार्टनं १९२४ मध्ये पहिला कंट्रोल चार्ट, म्हणजे प्रोसेस बिघडतेय का हे वरखालच्या रेघांवरून दाखवणारा तक्ता, काढला, ते आम्ही ट्रेनी पोरांना शिकवतो. मी शिकवताना बंधाऱ्याचं उदाहरण देते: ३९ ला हलायचं असतं, ४३ ची वाट बघायची नसते. (उदाहरण तसं सदोष आहे. बंधाऱ्याच्या रेघा गावाला किती पाणी झेपतं त्यावरून ठरतात, चार्टच्या रेघा प्रोसेसच्या स्वतःच्या सवयीवरून. पण पोरांच्या लक्षात राहतं.) तर मोल्डिंगच्या वाळूतल्या ओलाव्याचा चार्ट आमच्याकडे वर्षानुवर्षं तासातासाला भरला जातो. साडेतीनच्या आसपास टक्के, देखणा, एकही ठिपका बाहेर नाही, ऑडिटर त्याचे फोटो काढतात. कोअरमधली ओल मात्र आम्ही एकदाही मोजली नव्हती. वाळूसाठी मीटर होता, म्हणून वाळू मोजली.

रविवारी रात्री दहाला कोअर शॉपला गेले. घरचे म्हणाले, रविवारी? म्हटलं, उद्या सुट्टीच आहे. दुसरी शिफ्ट संपत आलेली, आणि रॅकच्या रांगा लागलेल्या. नेहमीच्या दुप्पट. रॅक शटरला लागून, कारण दुसरीकडे जागा नाही. शटरखालून पावसाचे शिंतोडे येतात म्हणून कुणीतरी मायेनं प्लॅस्टिकचा कागद पांघरलेला, आणि कागदाच्या आतल्या बाजूला घाम. गरम कोअर झाकून ठेवलेले, वरून गार हवा. डब्यात गरम भाकरी झाकून ठेवली तर सकाळी काय होतं?

लॅबमधला वजनकाटा उचलून आणला. ओव्हनमधून नुकतेच निघालेले दहा कोअर घेतले, खडूनं नंबर टाकले, वजनं लिहिली. दोन किलोच्या आसपासचा एकेक. मंगळवारी सकाळी पावणेसातला तेच दहा परत काट्यावर. दहाही जड झालेले. बहुतेक सात ते नऊ ग्रॅमनी, शटरजवळच्या रॅकमधले दोन तर बारा ग्रॅमनी. बारा ग्रॅम म्हणजे अडीच चमचे पाणी. हातात घेतला तर कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही. आणि ऑपरेटरनं ते रविवारी व्यवस्थित वाळवलेलं होतं, ओव्हनचा रेकॉर्ड चोख. म्हणजे गुऱ्हाळावर गेलेल्या त्या माणसाला मी विनाकारण ट्रेनिंग दिलं होतं.

कोअर शॉपचे सुपरवायझर म्हणजे तात्या. साठीला टेकलेले, बोलणं कमी. टोयोटाचे इंजिनिअर ताईची ओनो यांनी मूळ कारणापर्यंत जायला पाच वेळा 'का' विचारायला सांगितलं, ते आपण सगळे फॉर्मवर करतो. टेबलाशी बसून, एकाच पेनानं, पाच मिनिटांत पाच. या वेळी मी ते रॅकपाशी उभं राहून केलं.

'तात्या, रविवारी एवढे कोअर का केले?'

'मंगळवारी सकाळी लागतात.'

'मंगळवारी सकाळी करायचे की.'

'मोल्डिंगची लाईन सातला सुटते. आमची बी शिफ्ट सातचीच. शूटर तापायचा, गॅस, कोटिंग, ओव्हन. पयला कोअर हातात पडाय दहा वाजत्यात. तवर लाईननं काय करायचं?'

'थांबली तर?'

'थांबली तर ते मिनिटं माझ्या खात्यावर. साडेनऊच्या मीटिंगला माझीच हजामत.'

दोन 'का' शिल्लक राहिले, पण विचारायला काही उरलं नव्हतं. लाईन थांबली तर तात्यांच्या नावावर लागते, कास्टिंग भोकांचं निघालं तर क्वालिटीच्या. तात्यांनी आपल्या बाजूनं पूर्ण बंदोबस्त केला होता. मीही त्यांच्या जागी तेच केलं असतं.

पण हे कळूनही मी काय केलं, तर सॉफ्टवेअरकडं धावले. हातात हातोडा नवीन होता ना. प्रत्येक रॅकला क्यूआर स्टिकर, ओव्हनमधून बाहेर काढताना छापायचा, त्यावर वेळ. मोल्डिंग लाईनला रॅक आला की स्कॅन करायचा. बारा तासांपेक्षा जुना असेल तर स्क्रीन लाल, इश्यू होणार नाही, ओव्हनला परत. चूक करायचीच सोय ठेवायची नाही. पोका-योके म्हणून ट्रेनिंगला शिकवतात ते. मी साहेबांना प्रेझेंटेशन दिलं, टाळ्या वाजल्या.

पहिल्या मंगळवारी लाईन पावणेदोन तास थांबली, आरडाओरडा झाला. दुसऱ्या मंगळवारी थांबली नाही. तिसऱ्याही नाही. स्क्रीन हिरवी, सगळ्या कोअरचं वय एक तास, फार तर दीड. मी खूश. आणि ब्लो होल? जसेच्या तसे.

एक तासाचे कोअर सातला लाईनवर म्हणजे ओव्हनमधून सहाला निघाले. सहाला ओव्हन कुणी चालवला? ओव्हनचं तापमान त्याच सॉफ्टवेअरमध्ये येतं. बघितलं: मंगळवारी सकाळी सहाला ओव्हन २७ अंश. त्या थंडगार ओव्हनमधून सहा वाजून दहा मिनिटांनी चौदा रॅक 'निघाले' होते. रविवारच्या स्टिकरवर मंगळवारचा स्टिकर. नखानं खरवडला तर खालचा दिसत होता.

मी तात्यांवर ओरडले. शॉपवर, चार माणसांत. आजही आठवलं की कसंतरी होतं. ते ऐकून घेत राहिले, मग शांतपणे म्हणाले, 'मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरला कोअर न्हाई म्हणता येतंय. मला लाईनला न्हाई म्हणता येत न्हाई.'

मी गप्प झाले. मग तेच पुढं म्हणाले, आणि हे वाक्य मी जसंच्या तसं ८डीत घातलंय: 'मंगळवारी सकाळी पयलं काउंटरवेट लावा की. त्याला कोअरच नसतोय.'

काउंटरवेट. लोखंडाचा ठोकळा, आत पोकळी नाही, कोअर नाही. महिन्याला त्याची ऑर्डर असतेच, आणि पीपीसीवाले, म्हणजे कधी काय ओतायचं ते ठरवणारं प्लॅनिंग खातं, ते कुठंही मध्येच घालतात. मंगळवारी सातला काउंटरवेट सुरू करायचं, दहाला पॅटर्न बदलायचा, तोवर तात्यांचे ताजे कोअर तयार. खर्च शून्य. विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? म्हणाले, कुणी विचारलं न्हाई. तीन ८डींत टीमच्या रकान्यात त्यांचं नाव होतं.

पीपीसीशी भांडण झालं, ते सविस्तर लिहीत नाही. माझ्याजवळ या वेळी एक कागद जास्त होता: सॉफ्टवेअरनं कस्टमरनं कापलेल्या पैशांची डेबिट नोट, पुण्याला कास्टिंग निवडायला पाठवलेल्या माणसांचं बिल आणि परतीचं भाडं त्या एका पार्टसमोर एकत्र मांडलं होतं. ते पैसे नेहमीच जात होते, पण तीन वेगवेगळ्या खात्यांतून, त्यामुळे कुणाला एकदम दिसत नव्हते. धाकट्या साहेबांनी कागद उलटसुलट बघितला, 'एवढे?' म्हणाले आणि पीपीसीला फोन लावला. त्याच फोनवर साडेनऊच्या मीटिंगचाही नियम बदलून घेतला: मंगळवारी दहापर्यंतचा थांबा कोअर शॉपच्या नावावर नाही.

स्टिकरचं लॉक आम्ही ठेवलं, आता त्याला खोटं बोलायचं कारण कुणाकडे नाही. छपाईला ओव्हनच्या तापमानाची अटही घातली.

पुढचं काम कंटाळवाणं, पण तेच खरं लांबवर चालणारं. पीएफएमईए. म्हणजे काय-काय बिघडू शकतं याचा तक्ता, आधीच बसून लिहायचा. आमच्यात 'ओला कोअर' ही ओळ होती, कारण म्हणून 'ओव्हनचं तापमान कमी' एवढंच. कोअरचं वय कुठंच नाही. त्या ओळीचा आरपीएन, म्हणजे गंभीरता, शक्यता आणि पकड यांच्या गुणांचा गुणाकार, १०० च्या खाली होता. का होता तर आकडे त्यासाठीच बसवलेले असायचे, हे या धंद्यातल्या कुणाला सांगायला नको. २०१९ मध्ये एआयएजी आणि व्हीडीए या अमेरिकेतल्या आणि जर्मनीतल्या वाहन उद्योगाच्या संस्थांनी मिळून नवं हँडबुक काढलं आणि तो गुणाकारच काढून टाकला. आता गंभीरता, शक्यता आणि पकड यांच्या तक्त्यावरून जास्त, मध्यम, कमी असा अग्रक्रम ठरतो. त्यातही खेळता येतंच. पण सॉफ्टवेअरमध्ये तक्रार आणि ही ओळ जोडलेली राहते, त्यामुळे तक्रार आलेली असताना 'शक्यता: २' लिहायला हात धजत नाही. आणि कोअरला वय असतं ही ओळ एकदा घातल्यावर सॉफ्टवेअरनं तसाच कोअर असलेले अजून अकरा पार्ट काढून दाखवले. त्यातल्या एका पंप बॉडीची रविवारची रास मी त्याच आठवड्यात ओव्हनला परत पाठवली. त्या पार्टची तक्रार तोवर कधीच आली नव्हती.

असं आधीच केलेल्या कामाला पूर्वी आमच्याकडे वेगळं रजिस्टर होतं. आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या मानकात २०१५ च्या आधी प्रिव्हेंटिव्ह ॲक्शनचं स्वतंत्र कलम होतं. ते रजिस्टर आम्ही ऑडिटच्या आदल्या आठवड्यात भरायचो, चार नोंदी, वेगवेगळ्या शाईत. २०१५ ला कलम गेलं, धोका सगळ्याच कामात बघा म्हणाले, आणि रजिस्टर कपाटावर गेलं. आता त्यावर टेबल फॅन आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, ठरल्याप्रमाणे स्क्रीनवर आठवण आली: 'उपाय प्रभावी ठरला का?' तोवर जुलै अख्खा होऊन गेला होता, बंधाऱ्यानं धोक्याची रेघ ओलांडून झाली होती. वारांचा ग्राफ काढला. मंगळवारची दांडी इतरांच्या बरोबरीला आली होती. पण इतर काही शून्यावर नव्हते. पाच-सहा दिवस सारखे पसरलेले थोडे थोडे ब्लो होल अजून आहेत, आणि ते कोअरच्या वयाचे नाहीत. वजनं करून बघितली. व्हेंटिंगचा, म्हणजे साच्यातून गॅस बाहेर जायच्या वाटेचा, संशय आहे, पॅटर्न शॉपशी बोलणं चालू आहे. मी 'अंशतः' निवडलं आणि तक्रार उघडीच ठेवली.

सप्टेंबरात ऑडिट झालं. ऑडिटरनं स्क्रीनवर खालीवर केलं आणि थांबला. 'मॅडम, ही तक्रार तेरा महिने उघडी आहे?' सगळं सांगितलं: पाऊस, ऑक्टोबर, बारा ग्रॅम. त्यानं मन लावून ऐकलं, छान काम आहे म्हणाला आणि रिपोर्टमध्ये निरीक्षण लिहिलं: 'तक्रारी वेळेत बंद होत नाहीत.'

तेही सॉफ्टवेअरमध्ये नोंदवलंय. उपाय सुचवणाऱ्याचं नाव तक्रारीला जोडायचं होतं तेव्हा कळलं, यादीत तात्या नाहीतच, कारण त्यांना लॉगिन नव्हतं. मग काढून दिलं. पासवर्ड त्यांनी पहिल्या रॅकवर खडूनं लिहून ठेवलाय.